एका दारामागची दोन गणिते

सोलापूर,
चैत्र वद्य तृतीया

चि. सिद्धाराम,

शिवकृपा आणि थोरल्या भावाचा आशीर्वाद.

पाडव्याच्या सकाळी आपले पंचांग कोसळले, ही वार्ता गुलबर्ग्यापर्यंत पोचली असेलच. तुझ्या वाचकांपैकी कोणीतरी ती आनंदाने तुझ्या कानी घातली असेल. मी मात्र त्याहून मोठी वार्ता देण्यासाठी लेखणी उचलली आहे. हात इतका अधीर झाला आहे की अक्षर नेहमीसारखे येत नाही; सांभाळून घे.

छापील पंचांग बंद करून मी ते संकेतस्थळावर नेले, हे तुला ठाऊक आहे. पाडव्याला वर्षफल ऐकण्यासाठी सर्वांनी एकाच वेळी आपापले फोन उघडले. देवघराशेजारच्या खोलीतला आपला एकुलता एक संगणक इतक्या मंडळींना एकदम उत्तर देणार कसा? त्याने हात टेकले. दुपारी मठाचे कारभारी बसलिंगप्पा स्वतः घरी आले. दिलेल्या पाण्याला त्यांनी स्पर्श केला नाही.

"स्वामी, मठ माणसांनी भरला होता," ते म्हणाले. "मी फोन धरून मधी उभा. आत नुसतं गोल फिरतंय. किती येळ फिरंल? लोक हसाय लागले की."

"यंत्राचा दोष आहे, बसलिंगप्पा. गणिताचा नव्हे."

"ते आमाला कसं कळावं? मठ तुमच्या आजोबांपासनं तुमचंच पंचांग धरतो. श्रावणात परत असं झालं तर मात्र आमी दुसरं धरणार. राग मानू नका."

मठाने सोडले की गावे सोडतील, आणि गावांनी सोडले की आपल्या घराण्याच्या नावाचे पंचांग या जगात उरणार नाही. तुझे तिकडे वेगळ्या नावाने चालेल, ते चालो. आजोबांच्या नावाचे हे एकच आहे.

आता आनंदाची वार्ता. गुरूची पत्नी पूनम हिला तू पाहिलेले नाहीस, कारण त्यांच्या लग्नाला तू आला नाहीस. म्हणून ओळख करून देतो. ती एका रुग्णालयातला संगणक विभाग सांभाळते, भरभर बोलते आणि सून असूनही मला मुळीच भीत नाही. बसलिंगप्पा गेल्यावर ती म्हणाली, "मामा, एकाच मशीनला किती राबवणार? मागं दोन मशीनं ठेवू आणि म्होरं एक दार. माणूस दारापर्यंतच येणार. दार ठरवणार, ह्याला ह्याच्याकडं पाठवायचं, त्याला त्याच्याकडं. आत कोण बसलंय ते भायेरच्याला कळायचंच न्हाय."

"या दाराला नाव काय?"

"रिव्हर्स प्रॉक्सी. आणि वाटून द्यायच्या कामाला म्हणतात लोड बॅलन्सिंग."

सिद्धाराम, मी आसनावरून उठलोच! मठातल्या अन्नदानाच्या, दासोहाच्या पंगतीला दाराशी उभा राहणारा मनुष्य आठव. येणाऱ्याला तो सांगतो, तुम्ही या पंगतीत बसा, तुम्ही त्या. जेवणाऱ्याने भटारखाना पाहिलेला नसतो, वाढणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक नसते, आणि तरीही त्याच्या पानात अन्न येते. शास्त्रकारांनी देवाआधी द्वारदेवतांची पूजा सांगितली ती उगाच नव्हे. आयुष्यभर ती पूजा मी घाईने उरकत आलो. काल प्रथमच दोन फुले अधिक वाहिली.

तुझा,
वीरभद्रप्पा


सोलापूर,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. सिद्धाराम,

मागील पत्राचे उत्तर आले नाही. ते येईल या अपेक्षेने मी लिहिलेही नव्हते. आज पुन्हा लिहितो, कारण हे ज्याला सांगावे असा दुसरा कोणी मला सुचत नाही. येथे पूनमला सर्व आधीच ठाऊक असते, आणि तुझी वहिनी काशम्मा चार वाक्यांनंतर "साकु, साकु, पुरे" म्हणत हात जोडते.

दार बसले! त्याच्या आज्ञापत्रातल्या दोन ओळी मी स्वतःच्या बोटांनी लिहिल्या. एक अर्धविराम राहून गेला तेवढ्यावर संपूर्ण दाराने उघडण्यास नकार दिला. पूनम हसू लागली. मी तिला म्हणालो, "मंत्रातला एक स्वर चुकला तर फळ उलटते, हे मी चाळीस वर्षे शिकवीत आलो. तुझे यंत्र निदान स्वच्छ नकार तरी देते."

याहून नवलाची एक गोष्ट सांगतो. यज्ञातल्या ऋत्विजांपैकी होता पठण करतो, अध्वर्यू आहुती देतो, उद्गाता गातो. आणि ब्रह्मा नावाचा ऋत्विज मात्र काहीही न करता मौन बसून असतो. कोणाची चूक होते आहे का, कोणी थांबला आहे का, एवढेच तो पाहतो. हे दार तसेच आहे. दर काही क्षणांनी ते मागच्या प्रत्येक यंत्राला विचारते, "आहेस का?" आणि यंत्र म्हणते, "आहे." एखाद्याकडून उत्तर आले नाही की त्या क्षणापासून त्याच्याकडे कोणालाही पाठवीत नाही, आणि ते पुन्हा बोलू लागले की पुन्हा पाठवू लागते. रुसवा नाही, जाब नाही. पूनमने हा संवाद पडद्यावर दाखवला तेव्हा मी बराच वेळ पाहत बसलो.

दुसऱ्या यंत्राविषयी मी तिला विचारले, "कोठून आणलेस?"

"लांबचं हाय मामा, पण खात्रीचं. पंचांगाचं गणित बी आत तयारच हाय," ती म्हणाली, आणि काशम्माकडे पाहून दोघी हसल्या. बायकांच्या हसण्याचा अर्थ लावण्याची सवय मला नाही.

एका ठिकाणी मात्र आमचा मतभेद झाला. कोणत्या यंत्राकडे किती लोक पाठवायचे, त्याचे वाटे दाराला नेमून द्यावे लागतात. मी सांगितले, तीन वाटे आपल्या घरच्या यंत्राला, एक वाटा बाहेरच्याला.

"अहो, घरचं मशीन म्हातारं हाय," पूनम म्हणाली. "नव्याला तीन द्या."

"ज्येष्ठ आहे, म्हणूनच मोठा वाटा. मान वयाने ठरतो."

"ह्यो मान न्हवं मामा, ओझं हाय. म्हाताऱ्याच्या डोक्यावर तीन पोती देऊन त्याला मोठेपणा देणार व्हय?"

मी निर्णय बदलला नाही. आजोबांची कोष्टके ज्या यंत्रात आहेत, त्याचा वाटा धाकटा कसा असेल? तूच सांग. अथवा नको सांगू.

तुझा,
वीरभद्रप्पा


सोलापूर,
आषाढ वद्य पंचमी

सिद्धाराम!

आज आशीर्वाद शेवटी देईन. आधी घडले ते ऐक.

श्रावणाच्या आधी दाराची परीक्षा घ्यावी म्हणून आज सकाळी काशम्मा व मी स्वयंपाकघरात आपापले फोन घेऊन बसलो. पूनमने सांगितले होते की दोघांनी एकच प्रश्न विचारायचा. मी सुचवले, श्रावण शुद्ध पक्षातला प्रदोष कधी, ते पाहू.

"बुधवार," काशम्मा म्हणाली.

"मंगळवार," मी म्हणालो. "चष्मा लाव."

"लावलाय की. बुधवार हाय. तुमीच बघा."

पाहिले. बुधवार होता. माझ्या फोनवर मंगळवार होता. पान पुन्हा उघडले; माझ्याही फोनवर बुधवार आला. पुन्हा उघडले, मंगळवार. काशम्माने कणकेचा हात कपाळाला लावला.

"अय्यो, देवा! तुमचं पंचांग तर वाऱ्यावरच्या पताक्यागत फिरतंय. बसलिंगप्पानं बघितलं तर?"

संकेतस्थळ बंद पडणे परवडले. मौनाला निदान असत्य म्हणत नाहीत. एकाच दाराने एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली, तर मठ सोडेल, आणि त्याने सोडलेच पाहिजे. मी पूनमला रुग्णालयातून बोलावून घेण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात बुधवारच्या पानावर माझी दृष्टी खाली गेली. तेथे सूर्यास्ताची वेळ दिलेली होती. घटिका होत्या, पळे होती, आणि पळांच्या पुढे विपळे होती.

सिद्धाराम, अर्ध्या सेकंदाहूनही लहान असलेले ते विपळ सूर्यास्ताला लावणारा मनुष्य मी जन्मात एकच पाहिला आहे. आजोबा तुला म्हणत, "अरे, तेवढ्या वेळात डोळ्याची पापणीही मिटत नाही, कोणासाठी लिहितोस?" आणि तू लिहीतच राहिलास. तू आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थितीचे गणित धरतोस, मी आजोबांच्या कोष्टकांचे. म्हणून प्रदोषाला हवी असलेली त्रयोदशी माझ्याकडे मंगळवारी सूर्यास्तापूर्वीच लागते, आणि तुझ्याकडे प्रदोषकाळ सरून गेल्यानंतर. ज्या एका गोष्टीवरून आपण बोलेनासे झालो, ती गोष्ट माझ्याच दारातून माझ्यापुढे उभी होती!

पूनम घरी येताच मी विचारले, "दुसरे यंत्र कोणाचे?"

ती थोडीशी दचकली, मग म्हणाली, "काकांचं. गुलबर्ग्याचं. मीच फोन केलता. ते म्हणाले, घे, पण दादाला सांगू नको."

"आणि त्यातले गणित?"

"त्यांचंच. मी वरनं नुसतं आपल्या पानाचं रूप चढवलं. मला वाटलं, पंचांग म्हणजे पंचांग. चंद्र एकच हाय न्हवं, मामा?"

या प्रश्नावर आपल्या घराण्यात दोन चुली झाल्या, आणि तिने तो चहाचा कप हातात घेऊन विचारला.

मला क्रोध यावयास हवा होता. आला नाही. तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस. पण ज्येष्ठापासून दर काही क्षणांनी माझे दार तुला विचारते आहे, "आहेस का?" आणि तू म्हणतो आहेस, "आहे." पडद्यावर मी जे बराच वेळ पाहत बसलो होतो, ते हे होते.

तरीही प्रश्न उभाच आहे. तुझे यंत्र काढले तर घरचे एकटे श्रावण पेलणार नाही. ठेवले तर उत्तरे दोन.

आशीर्वाद घे.

वीरभद्रप्पा


सोलापूर,
आषाढ वद्य षष्ठी

चि. सिद्धाराम,

सापडले! पहाटे जप करता करता सापडले, आणि जप तेथेच राहिला. शिव मला क्षमा करो.

दोन प्रमाणे तुल्यबळ असून परस्परविरुद्ध असतील, तर शास्त्र विकल्प मानते. पण मोकळा विकल्प दोषपूर्ण. आज हे, उद्या ते, असे केल्याने दोन्हींवरची श्रद्धा जाते. म्हणून मीमांसकांनी व्यवस्थित विकल्प सांगितला. ज्याची जी शाखा, त्याने तीच धरावी आणि शेवटपर्यंत धरावी. दोघेही निर्दोष.

मी पूनमला विचारले, "एकदा ज्याचा फोन ज्या यंत्राकडे गेला, तो पुढे नेहमी त्याच यंत्राकडे जाईल, असे दाराला सांगता येते का?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "मामा, त्याला स्टिकी सेशन म्हणतात. तुमाला कुणी सांगितलं?"

कोणी सांगितले, ते तिला समजावून देण्यात सकाळ गेली. ती कामावर उशिरा पोचली.

आता प्रत्येक पानाच्या तळाशी कर्त्याचे नाव येते. एका शाखेच्या पानावर "गणित : वीरभद्रप्पा", दुसऱ्या शाखेच्या पानावर "गणित : सिद्धाराम". वर घराण्याचे नाव एकच. बसलिंगप्पांना मी हे स्वतः जाऊन सांगितले. त्यांनी डोके खाजवले आणि म्हणाले, "आमाला एक वार सांगा म्हंजे झालं, स्वामी. आणि बंद पडू नका."

काशम्माचा फोन तुझ्या शाखेत गेला आहे. आज तिने तो मला मुद्दाम दोनदा दाखवला.

वाटे मात्र तेच ठेवले आहेत. तीन आणि एक. यावर मला अधिक काही लिहायचे नाही.

वीरभद्रप्पा


सोलापूर,
श्रावण शुद्ध द्वादशी, मंगळवार

प्रिय सिद्धाराम,

हे पत्र मी भरल्या पोटी लिहीत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

काल श्रावणी सोमवार. सकाळपासून दारावर गर्दी वाढत होती, आणि दुपारनंतर सर्वांचा प्रश्न एकच: प्रदोष कधी? पूनमने रजा घेतली होती. मी तिच्या शेजारी बसून आकड्यांची चढती रेघ पाहत होतो, आणि खरे सांगतो, एखाद्या रथोत्सवात दोराला हात लागावा तसे वाटत होते. इतकी माणसे! अक्कलकोटची, पंढरपूरची, विजापूरची. सर्व आजोबांच्या नावावर श्रद्धा ठेवून येत होती.

मग शेजारच्या खोलीतून पंख्याचा घरघराट आला आणि थांबला.

"बसलं," पूनम म्हणाली. "थोरलं मशीन बसलं, मामा."

मी डोळे मिटून घेतले. पाडवा आठवला. डोळे उघडले तेव्हा रेघ चढतच होती.

"दार बंद पडले नाही?"

"दार कशाला पडंल? त्यानं हाक मारली, ह्यानं ओ दिली न्हाय, मग सगळी माणसं काकांच्याकडं चालली. बघा की, काकांचं मशीन लई झकास ओढतंय."

मी उठलो आणि घरचे यंत्र पुन्हा सुरू करू लागलो. तिने माझा हात धरला नाही, पण शब्दांनी मला अडवले.

"चालू केलं की तीन वाटे परत ह्याच्याच डोक्यावर. परत बसंल, आणि बसताना शंभर जणांची पानं अर्धवट ठेवंल. तुमची शाखा पाहिजेच असंल, तर दार लावून घेऊ आणि दुरुस्त करून उद्या उघडू. न्हायतर ह्याला आज बसू द्या."

दार लावले असते, तर माझ्या गणिताचा मान राहिला असता आणि मठ गेला असता. उघडे ठेवले, तर माझ्याच दाराने माझ्याच लोकांना सांगायचे की वीरभद्रप्पाचा मंगळवार नव्हे, सिद्धारामाचा बुधवार. व्यवस्थित विकल्पाचा एवढा डौल मी मिरवला. शाखा धरणारा एक आचार्य मूर्च्छित पडला तर त्याच्या शिष्यांनी काय करावे, हे मात्र मी पाहिलेच नव्हते.

तेवढ्यात बसलिंगप्पांचा फोन वाजला.

"स्वामी, पंचांग झटकन उघडलं बघा. पण आज बुधवार दाखवतंय, आणि खाली नाव धाकट्या स्वामींचं हाय. गेल्या खेपेला माझ्या फोनवर मंगळवार होता. मठाच्या फळ्यावर काय लिहू? लोक खोळंबलेत."

पूनम माझ्याकडे पाहत होती. काशम्मा उंबऱ्यात येऊन उभी होती.

"बुधवार लिहा," मी म्हणालो.

"तुमचं बी तेच मत?"

"माझे मत मंगळवार आहे, आणि मरेपर्यंत मंगळवारच राहील. पण आपल्या पंचांगाचे उत्तर बुधवार आहे. फळ्यावर पंचांगाचे लिहितात."

ते फोन कानाला लावूनच फळ्याकडे गेले असावेत. मग ते म्हणाले, "लिहिलं. पंचांग चाललं बघा, स्वामी. आमी हेच धरणार." खडूचा आवाज मला फोनमधून ऐकू आला, असे मी म्हटले तर पूनम म्हणते, शक्य नाही.

संध्याकाळी मी तिला वाटे बदलायला सांगितले. किती केले, ते तुला दारच सांगेल.

आज सकाळी काशम्माने उपवासाचे म्हणून माझ्यासाठी काही शिजवले नाही. मी पाटावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "भाकरी वाढ."

"आज? तुमची त्रयोदशी आज लागतीय न्हवं?"

"लोकांना एक वार सांगून मी दुसरा कसा पाळू? वाढ."

"शुद्धीवर हाय का तुमी?" असे म्हणत तिने ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली, आणि मी पहिला घास घेईपर्यंत वाढण्याचा हात तसाच हवेत धरून उभी राहिली. कोष्टकांप्रमाणे मंगळवारचा भौमप्रदोष असलेल्या दिवशी मी जन्मात प्रथमच अन्न घेतले. घास गिळताना आजोबांचा चेहरा समोर आला. तो रागावलेला नव्हता, असे मी लिहू शकत नाही. थोडा रागावलेला होता. तरी मी दुसरी भाकरी मागितली.

माझी कोष्टके चुकीची आहेत, असे मी या पत्रात कोठेही म्हटलेले नाही. तू पुन्हा वाचून पाहा. त्रयोदशी कधी लागते, यावर आपण दोघांनी समोरासमोर बसून, पाटी घेऊन, घसा कोरडा होईपर्यंत वाद घातला पाहिजे, आणि तो मला जिंकायचा आहे. मला त्याची इतकी ओढ लागली आहे की लिहिताना हसू येते.

उद्या बुधवार. उद्या मी दिवसभर निराहार राहून सूर्यास्ताला तुझा प्रदोष करीन. सूर्यास्त नेमका कोणत्या विपळाला होतो, ते मला काढता येत नाही, आणि अभिषेक त्याच क्षणी सुरू व्हावा अशी माझी इच्छा आहे. टपालाने हे तुला वेळेत मिळणार नाही, म्हणून पूनम या पानांची छायाचित्रे काढून तुझ्या फोनवर पाठवते आहे. गुलबर्ग्याहून सकाळची गाडी दुपारच्या आत सोलापूरला पोचते.

उत्तर लिहू नकोस. ये.

तुझा दादा,
वीरभद्रप्पा